भाकरीच्या पोटातला वडा

मागच्या महिन्यात नातवंडांनी माझ्यापुढं तीन बर्गर आणून मांडले. तीन वेगवेगळ्या दुकानांतले. थोरला नातू फूटपट्टी घेऊन बसला होता आणि धाकटी मोबाइलवर रकाने पाडून लिहीत होती, चव किती, किंमत किती, आकार किती. कुठल्याशा मैत्रिणीशी तिची पैज लागली होती म्हणे. एकेकाची किंमत ऐकून मी आधी डोळेच मिटले. आमच्या लहानपणी एवढ्या पैशात दावणीला एक गोऱ्हा आला असता. मग धाकटी म्हणाली, आज्जी, तू तिन्हीतला एकेक घास खा आणि एक नंबर कुणाचा ते सांग. मी विचारलं, आत काय आहे? ती म्हणाली, बटाटा आहे, वाटाणा आहे, डब्यावर हिरवा ठिपका आहे बघ. मी म्हटलं, ठिपका कुणी लावला? करणाऱ्याला विचारलंस का? दोघंही पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही. त्यांनी जे चालवलं होतं तेच मी निजामाच्या राज्यात ताडकळसच्या बाजारात केलं होतं, फूटपट्टीशिवाय. चव, किंमत, आकार सगळं चोख पारखलं, आणि आत काय आहे हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

आमचं गाव ताडकळसपासून दीड कोसावर. घरात माणसं चार. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायची, आई, मी, आणि दादांचे थोरले भाऊ, आबा. आबांची बायको मी पाळण्यात असतानाच गेली. मूलबाळ नव्हतं. पुन्हा लग्न करा म्हणून लोक मागं लागले, तर आबा म्हणाले, माझं एक झालंय, आता पांडुरंगाचं बघू द्या. घरात दोन पिढ्यांची माळ होती. आजोबांनी घातली, आबांनी आणि दादांनी मिसरूड फुटायच्या आधी घातली. मला घालायची तेवढी राहिली होती. एकादशीला मारुतीच्या देवळात वीणा आबांच्या गळ्यात असायची. वीणा घ्यायच्या आधी ते तीनदा खाकरायचे, आणि तिसऱ्या खाकरण्याला सगळं देऊळ गप्प व्हायचं. त्या खाकरण्याचा मला केवढा अभिमान! शेजारी कुणाकडं मटण शिजायला लागलं की आबा उठून दार लावून घेत आणि आई ऊद घाली. त्यामुळं मटणाचा वास म्हणजे उदाचाच वास, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

आई मात्र माळेच्या घरातली नव्हती. तिचं माहेर गंगाखेडकडं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठचं. तिथं मासे, मटण सगळं व्हायचं. आमच्या घरात आली त्या दिवशी तिनं ते सोडलं आणि परत कधी नाव काढलं नाही. ती आणि आबा एका घरात बारा-तेरा वर्षं राहिले, पण एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. थोरला दीर म्हणजे भाया, सासऱ्याच्या जागी; त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही. मग बोलायचं कसं? तर मधे मी. आई चुलीपासून म्हणायची, कौसा, आबाला म्हन, पानी तापलंय. आबा दोन हातांवर बसलेले असत, त्यांच्या कानावर ते पडलेलंही असे, तरी मी उठून म्हणायची, आबा, पानी तापलंय. आबा म्हणायचे, आईला म्हन, आलो. मी म्हणायची, आले. दिवसातून असे वीस-पंचवीस निरोप. कधी रागावलेली असले की मी मुद्दाम उशिरा सांगायची आणि दोघंही मुकाट वाट बघत बसायची. मला त्याची मोठी गंमत वाटे. दोन मोठी माणसं माझ्या जिभेवर अडलेली!

त्या वर्षी सुगीच्या तोंडावर आबांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस माणूस बाजेवरून उठला नाही. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेज दिली, ताक-कण्या दिल्या, लिंबाचं जुनं लोणचं बोटावर दिलं; आबा जिभेवर घ्यायचे आणि थुंकून टाकायचे. सगळं मातीवानी लागायलंय, म्हणायचे. गालांची हाडं वर आली. बाजेवर कूस बदलली तर बाज करकरत नव्हती, इतकं वजन गेलं. ताडकळसचे वैद्य तट्टावर बसून आले, नाडी धरली, आणि दादांना बाहेर बाभळीखाली नेऊन बोलले. मी मागं उभी होते. ते म्हणाले, "दवा माझ्याजवळची सरली. आता अन्न. मागतील ते द्या. अन्न अंगी लागलं तर मानूस तुमचं, न्हाईतर मला बोलवायची तकलीफ बी घेऊ नका." दादा माझ्यादेखत मटकन खाली बसले. मोठा माणूस असा बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या दिवशी आबांनी काय मागावं? म्हणाले, कायतरी तळलेलं, तिखट, बाजारातलं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. ज्या माणसानं जन्मात बाजारचा चहा प्यायला नाही, तो बाजारचं तळण मागत होता. पण वैद्यांचा हुकूम होता. दादा दर बाजाराला वांगी-मिरच्या घेऊन ताडकळसला जायचेच. पण दादांच्या जिभेवर कुणाचा विश्वास? त्यांना सरकी वाढली असती तरी झक्क झालीय म्हणाले असते. माझ्या जिभेची गोष्ट वेगळी. मिठाचा खडा कमी पडला तर मी ताट सारायची आणि त्यापायी आईचे धपाटे खायची. आबाच म्हणाले, कौसीला पाठवा, तिला कळतं. अकरा वर्षांच्या पोरीला याहून मोठा मान काय असतो? मी गाडीत अशी बसले जशी काय तहसीलदारीन.

बाजारात तळणारे तिघं. पहिला किसन तेली, पिंपळाखाली. त्याची भजी लिंबाएवढी, पैशाला पाच, वर एखादं फुटकं भजं फुकट. आकाराला आणि किमतीला त्याचा हात कुणी धरला नसता. पण फोडलं की आत पोकळ, आणि तेल मागच्या बाजारचं. खाल्लं की घसा खवखवायचा. आबांनी एक भजं चाटलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या बाजाराला मी भागाबाईचे उडदाचे वडे नेले. पैशाला दोन, तेही बायकांच्या कुंकवाच्या करंड्याएवढे. चव खरोखर चांगली, पण कढईतून निघाल्या निघाल्या. दीड कोस गाडीत हिंदकळून घरी पोचेपर्यंत त्यांचं चामडं झालं. आबांनी अर्धा चावला, थकले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. त्या रात्री आईनं भाकऱ्या थापल्या नाहीत. कुणी मागितल्याही नाहीत.

तिसऱ्या बाजाराला मी पार टोकाला गेले, बैलबाजाराच्या अंगाला, जिकडं पोरींनी जायचं नसतं. तिथं गोदामाय बसायची. पांढऱ्या कपाळाची, हाडापेरानं मोठी बाई. तिचा नवरा परभणीला कुठल्याशा मोठ्या अंमलदाराच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होता. तो मेल्यावर त्याची कढई तेवढी घेऊन ती गावी आली होती. तिचा वडा चपटा, तळहाताएवढा. ज्वारीच्या चतकोर भाकरीत घालायची, वर हिरवी चटणी माखायची आणि भाकरी दुमडून हातात द्यायची. किंमत पैशाला एक! मी तर आ वासला. म्हटलं, किसन पाच देतो. ती म्हणाली, मंग किसनकडं जा, त्याच्या पाचात माझा एक हाय. मी जायला वळले तसं तिनं अर्धा वडा मोडून माझ्या हातावर ठेवला. वरून खरपूस, आत लोण्यासारखा मऊ. हरभऱ्याची डाळ मला लगेच ओळखू आली, पुदिना ओळखला, मिरी ओळखली. आणखी एक काहीतरी होतं, खोल, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारं. ते काही ओळखू येईना, म्हणून मी ते मसाल्याच्या नावावर टाकून दिलं. थंड झाल्यावर खाऊन बघितला तरी तसाच. मी सांगितलं, आमच्या आबाला पायजेत, ताप येऊन गेलाय, तोंडाला चव न्हाई. गोदामाय म्हणाली, आजाऱ्याला हे लय चांगलं, ताकद येती बघ. आणि एक वडा वर टाकला.

आबांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. मला वाटलं, थुंकणार. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा चावायला लागले. एक वडा संपला. मग दुसरा. मग भाकरीचा कोपरा चटणीला लावून खाल्ला. "काय हाय गं हे?" "डाळीचा वडा, आबा." "कोनाच्या हातचा?" "गोदामाय म्हनून हाय." "तिला म्हनावं, देव तुझं भलं करो." दादा तोंड फिरवून दारात उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. उरलेल्यातला एक तुकडा दादांनी खाल्ला, एक मी, आणि एक मी पळत जाऊन आईच्या तोंडात घातला. आईनं दोनदा चावलं. मग तिचं तोंड चालायचं थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली, बघत राहिली, आणि उठून परसात गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, तिखट झोंबलं मला.

पुढं तीन-चार बाजार हेच चाललं. मी वडे आणायची, आई ते तव्यावर गरम करायची, आबा दोन दिवस पुरवून खायचे. आबा उठून बसायला लागले, मग भिंत धरून परसापर्यंत जायला लागले. माझा तोरा काय विचारता! आल्यागेल्याला मी निकाल ऐकवायची, आकारात किसन, ताजेपणात भागाबाई, पण चवीला आणि टिकायला गोदामाय, पैसा जास्त पडतो पण वसूल होतो. वडे आले की आई मला आणि दादांना मात्र जवळ फिरकू देत नसे. आजाऱ्याचं आजाऱ्याला पुरू द्या, म्हणायची. आबांना ती वडा पळसाच्या पानावरच वाढायची आणि पान लांब उकिरड्यावर टाकून यायची. तवा राखेनं तीनतीनदा घासायची. मला वाटायचं, तापाच्या माणसाचं उष्टं म्हणून असेल. एकदा दादा म्हणाले, दर बाजाराला पैसे घालण्यापेक्षा घरीच करा की. आईनं डाळ वाटली, पुदिना घातला, सगळं घातलं. आबांनी खाल्ला आणि म्हणाले, आईला म्हन, चांगला झालाय, पन हा तो न्हाई. आई आतून म्हणाली, आबाला म्हन, तसा मला यायचा न्हाई. मी तो निरोप हसत हसत सांगितला होता. आज लिहिताना हात थांबतो.

मग तो बाजार. मी पोचले तर गोदामायची कढई पालथी. ती नुसतीच बसून सुपारी कातरत होती. म्हटलं, गोदामाय, कढई का नाही चढवली? ती म्हणाली, "आज खाटीक आला न्हाई. वडे कशाचे करू?"

मला आधी हसूच आलं. वड्याला खाटीक कशाला लागतो, असं मी विचारलंसुद्धा. तिनं अडकित्ता खाली ठेवला. म्हणाली, डाळ निम्मी, मटन निम्मं, दोन्ही शिजवून पाट्यावर एकजीव वाटायचं, तवा कुठं हे होतं. सगळ्या बाजाराला ठाव हाय की. आणि मग माझ्या तोंडाकडं बघून तिचाच आवाज उतरला. कोन्या घरची गं तू? मी आबांचं नाव सांगितलं. गोदामायनं दोन्ही हात डोक्याला लावले. "वीणेकऱ्याच्या घरची? आगं, एकदा तरी म्हनायचं लेकरा, घरी माळ हाय म्हनून." मी आत्तापर्यंत किती खाल्ले ते आठवायला लागले. पहिल्या दिवशी अर्धा, घरी एक तुकडा, आणि मधे एकदा आईची नजर चुकवून एक अख्खा. बाजार जसाच्या तसा चालला होता, बैलांच्या शेपट्या पिरगाळणं चाललं होतं, आणि मला कुणाचाही आवाज ऐकू येत नव्हता. मी माणूस जगवला म्हणून मिरवत होते, आणि मी त्याला बाटवला होता. माझ्या या हातानं. माझ्या या शहाण्या जिभेनं.

परतताना मी गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसले आणि दोनदा ओकले. दादा म्हणाले, ऊन लागलं काय? दादांना काय सांगू? तुकडा त्यांच्याही पोटात होता. घरी पोचल्या पोचल्या आबांनी बाजेवरून विचारलं, आज न्हाई का गं? मी सरळ गोठ्यात गेले. आई शेण भरत होती. मी तिच्या पदरात तोंड घालून सगळं एका दमात सांगून टाकलं. वाटलं, आता ही छाती पिटणार, मला बडवणार. तिनं शेणाचे हात माझ्या अंगाला लागू नयेत म्हणून लांब धरले होते. म्हणाली, "मला म्हाईत हाय."

मी विचारलं, कवापासून? "पहिल्या घासापासून. जलमल्यापासून खाल्लेलं इसरतंय व्हय?" मग तू बोलली का न्हाईस? तिनं पाटी खाली ठेवली आणि हळू, एकेक शब्द मोजल्यासारखी बोलली. "आगं, पानावर पडलेलं अन्न तेवढं एकच त्यांच्या पोटात गेलं. मी तोंड उघडलं असतं तर आठ दिसात तिरडी बांधावी लागली असती. माळंला भूक लागत न्हाई, कौसा. मानसाला लागती." गोदामायच्या तोंडून ऐकलं तेव्हा जमीन सरकली होती. आईच्या तोंडून ऐकलं तेव्हा वरचं आभाळही गेलं. माझी आई, जी आबांच्या सावलीला पाय लागू देत नव्हती, ती दर बाजाराला उघड्या डोळ्यांनी त्यांच्यापुढं मटण वाढत होती! मला तिची भीती वाटली, खरं सांगते. ऐंशी ओलांडली तरी ती भीती तशीच आठवते.

वडे बंद झाले. मी सांगितलं, गोदामाय आता बाजाराला येत न्हाई. तोवर आबांचं तोंड उघडलं होतं. ते भाकरी खात होते, वरण मागून घेत होते. एकादशी चार दिवसांवर आली आणि आबा म्हणाले, आता वीणा मी घेनार. गावातून माणसं भेटायला यायची, म्हणायची, पांडुरंगानं राखलं. आबा माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे, पांडुरंगानं या पोरीला धाडलं. झोपले की खाटीक दिसायचा, जो मी जन्मात पाहिला नव्हता. आता गप्प राहिलं तर आबा त्या तोंडानं वीणा घेणार, देवाला फसवल्यासारखं होणार. आणि सांगितलं तर आईचं काय होणार? माळकऱ्याला मटण चारणाऱ्या सुनेला घरात ठेवत नसत. माहेरी धाडत, आणि माहेरहून कुणी परत आणत नसे.

एकादशीच्या सकाळी दादा शेतात गेले होते. आबा आंघोळ करून ओसरीवर बसले होते, वीणेच्या तारा पुसत. आई आतून आली. पदर नाकापर्यंत ओढलेला. खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कौसा, आबाला म्हन, वडे डाळीचे नव्हते."

मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. आयुष्यभर हजार निरोप सांगितले, हा एक निघेना. आबा माझ्याकडं बघत होते, काय म्हनती गं आई? त्यांना ऐकू गेलं होतं, पण रीतीप्रमाणं ते माझ्याकडूनच ऐकायला थांबले होते. आई पुन्हा म्हणाली, म्हन की. मी मान हलवली आणि रडायला लागले. तेव्हा माझी आई खांब सोडून दोन पावलं पुढं आली आणि बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा आबांशी बोलली. "वडे मटनाचे व्हते. पोरीला म्हाईत नव्हतं. मला पहिल्या घासाला कळलं व्हतं. मीच वाढले."

आबांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते तळहाताकडं बघत राहिले, ज्या हातानं खाल्लं त्याच्याकडं. मग ते म्हणाले, "कौसे, तुझ्या आईला म्हन..." आणि थांबले. मान वर केली आणि थेट आईकडं न बघता, पण तिलाच म्हणाले, "बाई, हे आता कोनापाशी बोलू नका. सांगायचं ते मी सांगन." आई आत गेली. मी ऐकलं, ती चुलीपाशी बसून फुंकणीनं जाळ करत होती. जाळ आधीच चांगला पेटलेला होता.

संध्याकाळी देवळात गाव गोळा झालं. आबा तापातून उठून आलेले, सगळे कौतुकानं बघत होते. वीणा त्यांच्यापुढं धरली. ते खाकरले नाहीत. त्यांनी वीणेला हात लावला नाही. गळ्यातली माळ काढली आणि मारुतीच्या पायाशी ठेवली. मी बायकांच्या घोळक्यात आईच्या मांडीला धरून बसले होते. आबा म्हणाले, "म्या मटन खाल्लं. तापाच्या दिसात. जानून खाल्लं."

देऊळ नुसतं हबकलं. कुणाच्या हातातला टाळ खाली पडला. मग एकदम गलका, कुणी आणलं, कुणाच्या घरचं, कोण्या बाईनं शिजवलं? दोघंतिघं म्हातारे उठून उभे राहिले. एकानं तर बायकांच्या बाजूला मान वळवून बघितलं. माझ्या दंडावर आईची बोटं रुतली, त्याचे वळ मला चार दिवस होते. आबा गलका थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "कोनाला इचारू नका. भूक माझी व्हती." एवढं बोलून ते सभामंडपातून उतरले आणि बाहेर पारावर जाऊन बसले. जन्मात खोटं न बोललेला माणूस मारुतीसमोर खोटं बोलला होता. तिथं हे कळणारी माणसं दोनच होती, आणि दोघीही पदराआड.

दादांना आईनं घरी सगळं सांगितलं. आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मग गंगाखेडला जाऊन गंगेत बुडी मारून आले, स्वतःची माळ पुन्हा बांधली आणि जेवायला बसले. तुकड्याचं त्यांचं तेवढ्यावर भागलं. आबांनाही लोक सांगून थकले, प्रायश्चित्त घ्या, माळ परत घाला, ताप होता, देव समजून घेईल. देवळातल्या पुजाऱ्यानं ती माळ घरी आणून दिली. आबांनी ती देवघराशेजारच्या खुंटीला टांगली, गळ्यात घातली नाही. एकदा दादा फारच मागं लागले तेव्हा म्हणाले, "मटनाचं प्राचित हाय रे. खोटं बोललो, त्याचं कुठून आनू? खरं सांगितल्याबिगर ते फिटत न्हाई, आन् खरं मी सांगनार न्हाई." त्यानंतर दादांनी विषय काढला नाही. एकादशीला वीणा दुसऱ्याच्या गळ्यात असायची आणि आबा बाहेर पारावर बसून मांडीवर ताल धरायचे. आई त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. निरोप पूर्वीसारखेच माझ्यातून जायला लागले, पानी तापलंय, आलो म्हन. मी एकही निरोप कधी उशिरा सांगितला नाही. आणि गोदामाय बाजारात कढईपाशी आलेल्या प्रत्येक पोराला वडा द्यायच्या आधी विचारायची, घरी माळ हाय का रे?

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढल्या हिवाळ्यात आबा गेले. मी सासरहून आले तेव्हा त्यांना आंघोळ घालून ओसरीवर ठेवलं होतं. देवळातली सगळी माणसं टाळ घेऊन आली होती. गळा मोकळा होता आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. आई आतून आली. पदर तसाच, नाकापर्यंत. तिनं खुंटीवरची माळ काढली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली, पदरानं पुसली. आबांच्या अंगाला तिनं हात लावायचा नव्हता, मेल्यावरसुद्धा. तिनं माळ माझ्या हातात दिली.

"कौसा," ती म्हणाली, "आबाला म्हन, फिटलं. आता घाला."

दादांनी माझ्याकडं बघितलं. सगळं गाव बघत होतं. मी आबांच्या उशाशी बसले, त्यांची मान उचलली, माळ घातली आणि मोठ्यानं, ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, आई म्हनती, फिटलं. आता घाला."